बेलिंडाला घरी का जायचं होतं? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या ३१ मे २०२५ च्या, म्हणजे पर्वाच्या अंतिम भागावरून सांगली-मिरजेतल्या प्रेक्षकांत पेटलेला वाद अजून विझलेला नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, भांडण शेवटच्या मिनिटाचं असणार. मालिकेचा नायक डॉक्टर हा काळात फिरणारा परग्रहवासी, मरता मरता नवं शरीर घेतो. पंधरावा डॉक्टर गेला, त्याच्या जागी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ झालेली अभिनेत्री उभी राहिली आणि श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे 'डॉक्टर' असं लिहिलंच नाही. त्यावर बोलून झालं, तर्क लढवून झाले, पण तेवढ्यासाठी कुणी कुणाशी अबोला धरला नाही. घोडं अडलं ते डॉक्टरच्या नव्या सोबतिणीपाशी, बेलिंडापाशी.

मिरजेत ते अडणारच होतं. १८९४ च्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांवर वाढलेल्या या गावात नर्सचं काम काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही. १२ एप्रिल २०२५ च्या भागात भारतीय वंशाची, लंडनच्या इस्पितळात राबणारी बेलिंडा चंद्रा आली, ती आल्या आल्या डॉक्टरवर उखडली. न विचारता माझी तपासणी केलीसच कशी, असा तिचा सरळ सवाल होता. तिला अंतराळात हिंडायची हौस नव्हती. २४ मे २०२५ ला घरी पोचायचं आणि कामावर रुजू व्हायचं, एवढीच मागणी. २०१८ मध्ये फाळणीवरचा भाग आला तेव्हाही इकडे बरंच कौतुक झालं होतं, पण त्यातली डॉक्टरची सोबतीण यास्मिन तीन पर्वं असूनही बहुतेक वेळ मागेच उभी राहिली. बेलिंडा पुढे येऊन बोलत होती. नाइट ड्यूटीवरून आलेल्या बायकांना ती आपली वाटली.

अंतिम भागात मात्र चक्र उलटं फिरवलं गेलं. इच्छेतून घडलेल्या खोट्या जगात बेलिंडाला पॉपी नावाची मुलगी होती. ते जग मोडलं, मुलगी पुसली गेली, आठवण उरली ती एकट्या रूबीला, डॉक्टरच्या आधीच्या सोबतिणीला. मग डॉक्टरने स्वतःचा जीव ओतून वास्तव एका अंशाने कलवलं आणि पॉपी परत आली, पण आता बेलिंडाची जन्मापासूनची मुलगी म्हणून. पाठोपाठ पर्वातले जुने प्रसंग पुन्हा दिसले, त्यांत बेलिंडाच्या तोंडी मुलीचा उल्लेख नव्याने घातलेला. म्हणजे घरी जायची सगळी धडपड मुलीसाठीच होती, असा हिशेब जुळवून दिला. त्याआधी संकट ऐन भरात असताना याच बाईला मुलीसह एका सुरक्षित खोक्यात बसवून ठेवलं होतं, हेही विसरता येत नाही.

एका बाजूचं म्हणणं, वास्तवच बदललं तर कारणही बदलणार, यात तक्रारीला जागा नाही. याच बाजूला काही नर्स आहेत, ज्यांची स्वतःची मुलं पाळणाघरात असतात. मुलासाठी घरी धावणं कमीपणाचं कधीपासून झालं, हा त्यांचा प्रश्न वाजवी आहे. दुसरी बाजू म्हणते, आई होण्याला कुणाचीच हरकत नाही, हरकत आहे ती तिला न विचारण्याला. 'मला घरी जायचंय' हे कारण सात भाग पुरलं होतं. आठव्याला त्यावर ठिगळ लावायची काय गरज पडली? पहिल्याच भागात जिने संमतीचा मुद्दा काढला, तिचंच आयुष्य तिच्या नकळत दुसऱ्याने लिहिलं. पहिल्या बाजूने बरीच सारवासारव केली तरी या मुद्द्याला उत्तर मिळालेलं नाही.

आता मागे वळून पाहिलं तर हे भांडण मालिकेइतकंच जुनं आहे. मालिका सुरू झाली १९६३ च्या नोव्हेंबरात. २६ डिसेंबर १९६४ च्या भागात डॉक्टरने आपल्या नातीला, सुझनला, यानाचं दार बंद करून पृथ्वीवर सोडलं, कारण तिचं एका तरुणावर प्रेम जडलं होतं आणि ती आजोबांना सोडून जायला तयार नव्हती. तिच्या भल्याचं त्याने ठरवून टाकलं. १९६६ मध्ये डोडो नावाची सोबतीण तर कथेच्या अर्ध्यातच नाहीशी झाली, निरोप दुसऱ्यांनी आणून दिला. १९७८ मध्ये आणखी एका सोबतिणीला, लीलाला, ध्यानीमनी नसताना लग्नाला उभं केलं.

हे इकडे त्या काळी कुणी पाहिलेलं नाही. सांगलीला डॉक्टर पोचला तो २००५ च्या पुनरागमनानंतर, तोही बराचसा सांगलीतल्याच विश्रामबागच्या होस्टेलांतून हातोहात फिरणाऱ्या पेनड्राइव्हवरून. (डॉक्टर बाई होणार हे २०१७ मध्ये जाहीर झालं तेव्हा जगभर जेवढा गदारोळ झाला तेवढा इथे झाला नाही. १८४३ मध्ये जिथे पहिलं मराठी नाटक उभं राहिलं, आणि स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारा नट ज्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचा, तिथे त्याचं नवल ते काय.)

त्यामुळे इथल्या वादाची खरी सुरुवात २००८ च्या डोनापासून, डॉक्टरच्या तेव्हाच्या सोबतिणीपासून होते. डॉक्टरचं ज्ञान तिच्या मेंदूत उतरलं होतं, ते राहिलं असतं तर ती मेली असती. ती नको नको म्हणत असताना त्याने तिच्या आठवणी पुसल्या. नंतर तो तिच्या घरी निरोप घ्यायला जातो तेव्हा ती फोनवर कुणाशीतरी तावातावाने गप्पा मारत असते आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हा प्रसंग तेव्हा होस्टेलात पाहिलेली पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत, तरी त्यावर आजही तणतणतात. जीव वाचवला हे खरं, पण निवड कुणाची?

२०१५ मध्ये वेगळ्या लेखकाने याला थेट उत्तर दिलं. क्लॅरा या सोबतिणीच्या आठवणी पुसायला डॉक्टर निघतो, ती साफ नकार देते आणि शेवटी आठवण जाते ती त्याची. या सगळ्या प्रकरणात सरळ न्याय झालेली ही एकच जागा. पुढे २५ नोव्हेंबर २०२३ ला डोनाच्या आठवणी परत आल्या. मेंदूत उतरलेल्या त्या शक्तीचा वाटा तिच्या मुलीकडे गेला होता म्हणून ती वाचली आणि मायलेकींनी ती शक्ती नुसती सोडून दिली. पंधरा वर्षांची गाठ इतक्या सहज सुटलेली पाहून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. पण निदान तिथे सोडण्याचा निर्णय डोनाचा होता. ज्याने २००८ मध्ये आठवणी पुसायला लावल्या, त्याच लेखकाने १५ वर्षांनी चूक निस्तरली आणि दीड वर्षात बेलिंडाच्या बाबतीत पुन्हा तेच केलं. म्हणून इथला संताप एवढा आहे.

बाकी तक्रारी किरकोळ. २०२४ चं पर्व इथे शनिवारी पहाटे साडेचारला उघडायचं, २०२५ चं दुपारी साडेबाराला, एवढ्यानेच पाहणाऱ्यांचा गोतावळा वाढला आणि भांडणारेही. २०२५ च्या ऑक्टोबरात मालिकेची परदेशी भागीदार कंपनी डिस्ने बाहेर पडली, तरी २०२६ च्या नाताळात त्याच लेखकाचा विशेष भाग येणार असं जाहीर झालं. त्यात काय हवं यावरही एकमत नाही. १७ मे २०२५ च्या भागात सुझन डॉक्टरला दिसली, मला शोध म्हणाली आणि अंतिम भागात तिची गोष्ट पुढे सरकलीच नाही. विश्रामबागेतले जुने गडी म्हणतात, आधी तिचा सोक्षमोक्ष लावा. मिरजेचा हट्ट आहे की सुझन साठ वर्षं थांबली तशी आणखी थोडी थांबेल, पहिल्यांदा बेलिंडाला विचारा.