पिशवीवरच्या रेघा

वार पडली की गर्भाशयाने आवळून घट्ट व्हायचं असतं. नऊ महिने वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं तेव्हा उघडी पडलेली असतात. गर्भाशयाच्या स्नायूंचे आडवे-तिरपे धागे त्यांना चिमटीत धरतात, म्हणून रक्त थांबतं. दिवस भरत आले की तिथे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त खेळत असतं. गर्भाशय सैलच राहिलं, तर धडधाकट बाईही दोनेक तासांत दगावू शकते.

उपकेंद्रावर त्या घडीला बाळंतिणीजवळ असते ती सिस्टर, म्हणजे एएनएम. गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. लाइट गेली की फ्रिज नुसतं कपाट. शिवाय रक्त किती गेलं हे ठरवायचं भिजलेल्या कापडांवरून, नजरेने. हा अंदाज बहुधा कमीच निघतो, मुरलेल्या डॉक्टरांचाही.

2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला. प्रसूतीनंतर एएनएमने मिसोप्रोस्टॉल, म्हणजे गर्भाशय आवळणारंच दुसरं औषध, तोंडाने द्यायचं. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, सुईही नाही. बाळंतिणी होत्या 1,620. निम्म्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. रक्त मोजायला कमरेखाली प्लास्टिकचं कापड, त्याला खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. साधंच, दुधाच्या मापासारखं. अतिरक्तस्राव, म्हणजे अर्धा लिटर किंवा जास्त रक्त जाणं, 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. मला गोळीइतकंच त्या पिशवीचं अप्रूप वाटतं: ‘जरा जास्तच जातंय’ म्हणणाऱ्या सिस्टरच्या हाती आकडा आला.

पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 80 रुग्णालयांत आणखी एक प्रयोग झाला. निम्म्या रुग्णालयांत अशीच मापाची पिशवी वापरली गेली, बाकीच्यांत नेहमीची पद्धत. रेघ ओलांडली की कुणाची वाट न पाहता गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी, सगळं एका दमात सुरू. 2023 मध्ये निकाल आले: एक लिटरहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 4.3 टक्के, तर पिशवीच्या पद्धतीत 1.6 टक्के.

पण रेघ सगळ्यांना सारखी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्याकडच्या 52 टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळलं. अंगात पुरेसं रक्त असलेली बाई अर्धा लिटर सोसते. हिमोग्लोबिन 7 असलेलीला तेवढं परवडत नाही. 2025 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर सिस्टरने 300 मिलिलिटरलाच हालचाल करायची.