स्वयंचलित गिअरचे दोषनिदान (जुन्या डिझेल मोटारी)

जुन्या डिझेल मोटारीचा स्वयंचलित गिअर धक्क्याने, उशिरा किंवा घसरत पडू लागला, की मूळ दोष शोधण्याची रीत. संगणकाविना, तेलाच्या दाबावर चालणारे गिअरबॉक्स येथे अभिप्रेत आहेत. १९७६ ते १९८५ या काळातली मर्सिडीज डब्ल्यू १२३ हे त्यांचे ठळक उदाहरण.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे आत शिरणारी हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, व्हॅक्यूम (निर्वाताची ओढ) आपोआप तयार होतो आणि त्यावरून गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळतो. या डिझेल इंजिनांत थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. अॅक्सिलरेटर दाबावा तसा इंजेक्शन पंपावरचा व्हॉल्व्ह हा व्हॅक्यूम कमी करतो; त्यावरून गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर तेलाचा दाब ठरवतो. व्हॅक्यूम पोचलाच नाही, तर दाब चढा राहतो आणि हलक्या पायानेही गिअर दणका देऊन पडतो. व्हॅक्यूम गरजेपेक्षा जास्त राहिला, तर गिअर बदलताना इंजिन नुसतेच ओरडते, गाडी ओढत नाही.

डब्ल्यू १२३मध्ये इंजिन बंद होते तेही याच व्हॅक्यूमवर. किल्ली फिरवूनही इंजिन घडघडत राहिले आणि गिअरही दणके देत असला, तर गिअरबॉक्सला हात लावू नये. आधी व्हॅक्यूमच्या नळ्या पाहाव्यात. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता. रबरी जोड वाळतात. जोड चिमटीत धरून वाकवला की केसासारख्या चिरा उघडतात. एवढ्याशा तुकड्यापायी धडधाकट गिअरबॉक्स खोलला जातो, हे फार वाईट.

गिअरबॉक्सचे तेल थंड गाडीत मोजू नये. ते सुमारे ८० अंश सेल्सिअसला आलेले हवे. इंदुरातल्या रामबागेतून खंडवा रस्त्याने सिमरोळला पोचेतो ते पुरेसे तापते. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, लीव्हर पार्किंगला लावून डिपस्टिक काढावी. पुसायला धागे सुटणारे फडके नको. तेल लाल असावे. काळपट रंग आणि जळका वास आला, तर क्लचच्या चकत्या जळाल्या, तेथे मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो. तेल घटते, पण जमिनीवर डाग नाही, अशा वेळी मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी ओढून पाहावी. आत लाल तेल दिसले, तर मॉड्युलेटरमधला पडदा फाटला आहे आणि ते तेल पंपावाटे इंजिनात जाते आहे.

शहरात न जाणवणारे गिअरचे घसरणे सिमरोळपुढच्या भेरूघाटाच्या चढावर उघडे पडते. गिअर पडण्याची वेळ ठरवणारी केबल सर्वांत शेवटी जुळवावी. व्हॅक्यूमची गळती तशीच ठेवून केबल ताणली वा सैल केली, तर एकाचे दोन दोष होतात.