पोंगासड, प्रवाळ आणि जीवाणूंचं संगनमत

मृगबागेत, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीत, पावसाळी दमट उकाड्यात एखादं केळीचं झाड अचानक मान टाकतं. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. झाड धरून ओढलं की खोड हातात येतं आणि कंद जमिनीतच राहतो. तो कंद कापला की आत तपकिरी, पाणचट लगदा आणि उग्र घाण वास. ही पोंगासड. ती करणाऱ्या जीवाणूचं आजचं नाव पेक्टोबॅक्टेरियम. शेतात अजून जुनं 'इर्विनिया'च चालतं.

हा जीवाणू कंदात शिरल्याबरोबर हल्ला करत नाही. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं (एन्झाइम्स) त्याच्याजवळ असतात. पण मूठभर जीवाणूंनीच ती सोडली तर झाड सावध होतं आणि त्यांचा बंदोबस्त करतं. म्हणून प्रत्येक जीवाणू संकेत म्हणून एक छोटासा रेणू बाहेर सोडत राहतो. संख्या वाढेल तसा तो रेणू दाट होत जातो, आणि ठरावीक पातळी गाठली की सगळ्यांची विकरं एकदमच सुटतात. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्यावरच ठराव घेतात, तसं हे आहे. शास्त्रज्ञही याला कोरम सेन्सिंगच म्हणतात.

हा प्रकार आधी उमगला तो समुद्रातल्या जीवाणूंमध्ये. उजेड देणारे सागरी जीवाणू विरळ असताना चमकत नाहीत, दाटी झाली की चमकू लागतात, हे नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये दाखवलं. त्याच समुद्रात आज या संकेतांवर प्रवाळांचं आरोग्यही काही अंशी अवलंबून आहे.

आपल्याला पोवळं माहीत आहे ते जळगावच्या सराफ बाजारातल्या अंगठीतलं. उथळ, उबदार पाण्यात खडक उभे करणारे प्रवाळ त्याहून वेगळ्या जातींचे. आपल्या राज्यात ते मालवणच्या समुद्रात आहेत. असे खडक समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाहीत, तरी सागरी जीवांच्या जवळपास पाव जाती त्यांच्या आसऱ्याने जगतात. प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे तोंडाभोवती बारीक शुंडकांचं कडं असलेली इवलीशी पिशवी. तिच्या पेशींत शैवाल राहतं आणि सूर्यप्रकाशावर अन्न करून तिला देतं. अंगावर चिकट श्लेष्माचा पातळ थर असतो, आणि खरी झुंज त्या थरात चालते.

फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातल्या सांबरशिंगी प्रवाळांवर पांढरे चट्टे पडून मांस गळून जाण्याचा रोग आला. त्यामागे सेराशिया मार्सेसन्स हा जीवाणू सापडला. माणसाच्या सांडपाण्यातला सेराशिया हा रोग घडवू शकतो, हे 2011 मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. गावाचं मैलापाणी प्रक्रियेविना नदीत सोडण्याची किंमत किती दूरवर मोजली जाते, हे तापीकाठच्या आपणही मनावर घ्यायला हवं.

सेराशियाही जमाव जमवूनच पसरतो. पण श्लेष्मात आधीपासून राहणारे काही जीवाणू त्याचं ते पसरणं रोखतात. संकेताचे रेणूच तोडणारी विकरंही अशा रहिवाशांपैकी काहींकडे असतात. रेणू दाटत नाही, म्हणून संख्या पुरेशी असूनही हल्ल्याची वेळ येत नाही. मारण्यापेक्षा हे मला जास्त हुशारीचं वाटतं. 2001 मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या बॅसिलस या जीवाणूचं असंच विकर बनवणारं एक जनुक तंबाखू आणि बटाट्यात घातलं, तेव्हा त्या झाडांनी आपल्या याच इर्विनियाला चांगलाच प्रतिकार केला.

प्रवाळाची ही राखण उष्णतेने मोडते. भुसावळात पारा 45 वर गेला तरी आपण निभावतो. प्रवाळाला नेहमीच्या कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त पाणी काही आठवडे राहिलं तरी पुरे. शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरंफटक पडतं, श्लेष्मातली वस्ती बदलते आणि व्हिब्रिओसारखे जीवाणू बळावतात. व्हिब्रिओ कोरॅलिलायटिकस तर ऊन पाण्यातच घातक होतो.

म्हणून आता उपकारक जीवाणूंचं मिश्रण प्रवाळांना देऊन पाहतात. 2021 च्या एका प्रयोगात टाक्यांमधल्या तापवलेल्या पाण्यात अशा प्रवाळांचं जगण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढलं. मात्र सरसकट सगळे संकेत बंद पाडून भागणार नाही. प्रवाळाची पिल्लं कुठे चिकटायचं तेही खडकावरच्या जीवाणूंच्या रसायनांवरून ठरवतात, त्यामुळे कोणता संकेत तोडायचा आणि कोणता राखायचा हे जातीनिहाय शोधावं लागेल.