बादलीला चढणारा ताप

इंग्लंडात थंडी सुरू झाली की आमच्या घरी दही लागेनासं होतं. मग विरजण लावलेलं पातेलं ओव्हनमध्ये जातं, आत नुसता दिवा चालू. घरी बिअर करायला लागलो तेव्हा मी हाच न्याय लावला. दह्यातले जिवाणू काय नि यीस्ट काय, उबेत ठेवलं की काम करणारच. जुलैतल्या एका उकाड्याच्या आठवड्यात वीस लिटरची बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवली. कपाटात २४ अंश होते. पंधरा दिवसांनी झाकण काढलं, तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा आला आणि घोटभर घेतल्यावर घसा जळला. सगळी बादली मोरीत ओतली. (ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे.)

दही लागताना दुधातली थोडीशीच साखर खर्ची पडते, त्यामुळे पातेलं स्वतःहून जाणवण्याइतकं तापत नाही. बिअरचं तसं नाही. सातू भिजवून, मोड आणून, भाजून त्याचं माल्ट करतात. ते गरम पाण्यात मुरवलं की जो गोड काढा मिळतो, त्याला वॉर्ट म्हणतात. नेहमीच्या ताकदीच्या वीस लिटर वॉर्टमधली दीडेक किलो साखर यीस्ट फस्त करतं, आणि प्रत्येक किलोमागे सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे एकूण ८७० किलोज्यूलच्या आसपास. वीस लिटर पाणी एका अंशाने तापायला ८४ किलोज्यूल पुरतात. ही सगळी उष्णता आतच कोंडली, तर वॉर्ट दहा अंशांनी चढेल! बरीचशी उष्णता बादलीच्या अंगातून बाहेर पडते, तरीही आंबणं जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज वर असतं. माझ्या कपाटात २४ अंश होते, तेव्हा बादलीत २८-२९ असणार.

एल म्हणजे उबेत आंबणारी बिअर. तिच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. त्याहून गरम झालं की त्यांची वाढ भराभर होते, आणि त्या घाईत इथेनॉलबरोबर जड अल्कोहोलंही जास्त तयार होतात. घसा जाळतात ती हीच. नेलपॉलिशचा वास इथिल ॲसिटेटचा. केळ्याच्या वासाचं आयसोअमिल ॲसिटेटही याच कुळातलं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ते मुद्दाम हवं असतं, इतर ठिकाणी नको. नॉर्वेच्या पश्चिम भागातले शेतकरी पिढ्यानपिढ्या जपत आलेलं 'क्वाइक' नावाचं यीस्ट तर ३५ अंशांनाही स्वच्छ चव देतं. म्हणजे तापमान यीस्टची जात बघूनच ठरवावं लागतं. चवीचं बरंवाईट बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत ठरतं. नंतर बादली कितीही गार केली तरी तो वास जात नाही.

जर्मनीतल्या बव्हेरियात हे अनुभवातून कळलेलं होतं. १५५३मध्ये तिथल्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची. लागर म्हणजे गारव्यात आंबणारी बिअर. तिचं यीस्ट ८ ते १३ अंशांत रमतं, म्हणून तळघरांत नदीतळ्यांतला बर्फ भरून ठेवायचे. कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत गारवा करणारं यंत्र बसवलं, ते १८७३मध्ये. आज घरोघरी असलेल्या फ्रिजच्या वंशावळीत हे यंत्र येतं.

मीही शेवटी एक जुना फ्रिज आणला. त्याआधी वर्षभर माठाच्या युक्तीवर भागवलं होतं. बादली पाण्याच्या टबात ठेवायची, अंगावर ओला सुती टीशर्ट चढवायचा आणि समोर पंखा लावायचा. बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरतात.

फ्रिजला कंट्रोलर जोडतात. तो सेन्सरने तापमान मोजून फ्रिज चालू-बंद करतो. पण खरा प्रश्न सेन्सरच्या जागेचा असतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला, तर कंट्रोलर फ्रिजमधल्या हवेचं तापमान राखत बसतो आणि बादली आतून तापत राहते. म्हणून सेन्सर बादलीच्या अंगाला, वॉर्टच्या पातळीखाली चिकटवायचा आणि वरून स्पंजचा जाड तुकडा पट्टीने घट्ट बांधायचा. तापकऱ्याच्या बगलेत थर्मामीटर दाबून धरतात, तसंच. त्याआधी सेन्सर कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, ते बघायचं. माझा पहिला सेन्सर दीड अंश जास्त दाखवत होता. कंट्रोलरला अर्ध्या-एक अंशाची मोकळीक द्यायची. फ्रिज बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायला किमान तीन मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर काँप्रेसर जळतो.

दर दहा मिनिटांचं तापमान नोंदवलं की बादली आत काय करते आहे ते आलेखावरून वाचता येतं. पहिले बारा-पंधरा तास रेघ सपाट असते. मग फेस झाकणापर्यंत येतो, झाकणावरच्या पाणी भरलेल्या हवाबंद नळीतून बुडबुडे सलग सुटतात आणि फ्रिज दिवसातून कितीतरी वेळा चालू होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जवळजवळ गप्प होतो. नवखे इथे बादली गार करतात. माझं मत उलट आहे. आता दोन अंश वाढवावेत, कारण लोण्यासारख्या वासाचं डायअॅसिटिल यीस्ट याच काळात परत खाऊन टाकतं. गारठलं तर ते काम अर्धवट टाकून तळाशी बसतं.

हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचा, आकडा तीन दिवस हलला नाही, की मग दोन अंशांवर उतरवायचं, म्हणजे साका खाली बसतो. त्या वेळी नळीतलं पाणी आधी काढून ठेवा. बादली गार होताना आतला वायू आकसतो आणि ते पाणी बिअरमध्ये ओढून घेतो.