फेअरबँक्स हाउस

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेडम गावचे जुने शेतकरी घर. झाडाच्या वार्षिक वलयांवरून लाकडाचे वय काढण्याच्या पद्धतीने त्याचा काळ इ. स. १६३७ ते १६४१ च्या सुमाराचा ठरतो. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत हे सर्वांत जुने मानले जाते.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधून १६३३ मध्ये आलेल्या जोनाथन फेअरबँक्स याने पत्नी ग्रेस व मुलांसाठी ते बांधले. डेडम तेव्हा नुकतेच, १६३६ मध्ये, वसले होते. ही भूमी मूळची मॅसॅच्युसेट या आदिवासी लोकांची.

घराचे खरे महत्त्व त्याच्या सांगाड्यात आहे. ओकचे जाड खांब आणि तुळया तासून, खाच व कुसू (खाचेत बसणारे तासलेले टोक) जुळवून, सांध्यातून लाकडी खुंट्या ठोकलेल्या आहेत. सगळा भार या चौकटीवर. भिंत फक्त आडोशापुरती. मधल्या जागेत काटक्यांचा कूड घालून तो मातीने लिंपत. कोकणातले कुडाचे घर पाहिलेल्याला हे काम लगेच ओळखता येईल. थंडी-पावसापासून कूड टिकावा म्हणून बाहेरून एकीवर एक चढवलेल्या फळ्या आहेत. छप्पर तीव्र उताराचे. मध्यभागी विटांचे भले थोरले धुराडे, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोली, वर तशाच दोन. दारातून आत शिरताच समोर धुराड्याची भिंत येते आणि माणूस डावीउजवीकडे वळतो. एकाच धुराड्यामुळे दोन्ही बाजूंच्या चुली पेटत. तिथल्या हिवाळ्यात हे फार मोलाचे होते.

जोनाथन १६६८ मध्ये वारला. त्या वेळी केलेल्या मालमत्तेच्या यादीत खोलीवार सामान लिहिलेले आहे, त्यामुळे कोणती खोली कशासाठी वापरत हे बरेच कळते. कुटुंब वाढले तसे घर वाढले: मागे पडवी निघाली, तिच्यावर मागचे छप्पर खाली ओढले गेले, पुढे दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले गेले. त्यांची छपरे मध्येच उतार बदलणारी असल्याने मूळ घर वेगळे उठून दिसते.

आठ पिढ्या इथे राहिल्या. अखेरची रहिवासी रिबेका फेअरबँक्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बाहेर पडली आणि वंशजांच्या संस्थेने घर संग्रहालय म्हणून जपले. १९६० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नव्या सोयींसाठी मूळ भाग पाडला गेला नाही, म्हणून सतराव्या शतकातल्या सुताराची हत्यारे ओकवर कशी चालली हे आजही तुळयांवर दिसते.