पेट्रोल पंपांचे दरयुद्ध

एकाच रस्त्यावरचे किंवा एकाच चौकातले पेट्रोल पंप परस्परांची गिऱ्हाइके ओढण्यासाठी भाव पाडत जातात. समोरच्याने एक सेंट उतरवला की आपण दोन उतरवायचे, असे करता करता खरेदीच्या भावाखाली विक्री सुरू होते. या प्रकाराला दरयुद्ध म्हणतात. त्याचे माहेरघर अमेरिका. तिथे पेट्रोलला गॅसोलीन आणि बोलताना नुसते ‘गॅस’ म्हणत असल्याने तिथले लोक याला ‘गॅस वॉर’ म्हणतात. आपल्या शेगडीच्या गॅसशी त्याचा संबंध नाही. १९२० च्या दशकापासून १९७३ च्या तेलटंचाईपर्यंत अशी युद्धे तिथे नित्याची होती. आता ती क्वचित होतात, पण झाली की बातमी होते.

जानेवारी २०१६ मध्ये मिशिगन राज्यातल्या हॉटन लेक या छोट्या गावी शेजारशेजारच्या पंपांची अशीच जुंपली आणि एका पंपावर भाव गॅलनला ४७ सेंटवर आला. गॅलन म्हणजे सुमारे ३.७८ लिटर, त्या वेळच्या विनिमय दराने हा भाव लिटरमागे साडेआठ रुपयांच्याही आत बसतो. यातले १८.४ सेंट केंद्राच्या इंधनकराचे, १९ सेंट राज्याच्या. शिवाय विक्रीकर वेगळा. म्हणजे जमिनीतून तेल काढणे, ते शुद्ध करणे, टँकरने आणणे आणि विकणे या सगळ्याला मिळून दहा सेंटसुद्धा उरत नव्हते. अर्थात ही चैन फार टिकत नाही.

अशी लढाई साबणाच्या किंवा साखरेच्या दुकानांत सहसा पेटत नाही, पेट्रोलमध्येच का पेटते? मुख्य कारण भावाची पाटी. धावत्या गाडीतून दिसेल अशा भल्यामोठ्या आकड्यांत दुसऱ्या कुठल्या मालाचा भाव रस्त्यावर लावलेला नसतो. माल दोन्हीकडे जवळपास सारखाच आणि गिऱ्हाईक चाकांवर, त्यामुळे स्टिअरिंग वळवले की काम झाले. आकड्याच्या शेवटी नऊ-दशांश सेंट लावण्याची तिथली रीत याच पाटीच्या राजकारणातली: २८.९ हे २९ पेक्षा स्वस्त दिसते. दुसरे कारण पुरवठ्याचे. रिफायनऱ्यांकडे माल साचला की त्या तो विनाब्रँड, पडेल भावाने स्वतंत्र पंपवाल्यांना देत. तो स्वस्त माल मोठ्या कंपनीच्या पंपासमोर येऊन उभा राहिला की ठिणगी पडे.

१९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलक्षेत्र सापडले तेव्हा हेच देशभर झाले. बॅरलला डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल काही ठिकाणी दहा सेंटपर्यंत घसरले. उत्पादन आवरण्यासाठी राज्यपाल रॉस स्टर्लिंग यांनी ऑगस्ट १९३१ मध्ये चक्क सैनिक पाठवले. पुढे मोठ्या कंपन्यांनी यावर आपसांत तोड काढली. लहान रिफायनऱ्यांचा अडलेला माल आपणच उचलायचा, म्हणजे तो पंपांवर जाऊन भाव पाडणार नाही. प्रत्येक मोठ्या कंपनीने एकेक लहान रिफायनरी सांभाळायची. या जोड्यांना धंद्यात ‘नाचातले जोडीदार’ म्हणत. नाच कोर्टात पोचला. सोकोनी-व्हॅक्यूम खटल्यात १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संगनमताने भाव चढवणे, पाडणे किंवा नुसते स्थिर ठेवणे हेही मुळातच बेकायदा आहे, हेतू कितीही चांगला असो. आजही अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा हा पाया मानतात.

पण एकट्याने, संगनमत न करता भाव पाडला तर? इथे कायद्याची खरी ओढाताण सुरू होते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरातले प्रकरण पाहण्यासारखे आहे. तिथे सन ऑइल कंपनीच्या एका पंपचालकासमोर सुपर टेस्ट या साखळीचा पंप होता आणि तो वरचेवर भाव पाडत असे. गिऱ्हाइके गमावलेल्या पंपचालकाला कंपनीने २७ डिसेंबर १९५५ रोजी गॅलनला १.७ सेंट सूट दिली. त्याने त्याच दिवशी आपला भाव २८.९ वरून २५.९ वर आणला. हे पाहून शहरातले त्याच कंपनीचे बाकीचे पंपवाले बिथरले, कारण त्यांना माल जुन्याच भावाने मिळत होता आणि त्यांची गिऱ्हाइके आपल्याच भाऊबंदाकडे चालली होती. १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने एकाच मालासाठी स्पर्धक दुकानदारांना वेगवेगळा भाव लावायला बंदी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या भावाशी बरोबरी करायची असेल तर मात्र सवलत. कंपनीने ही सवलत मागितली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: सुपर टेस्ट हा पंपचालकाचा प्रतिस्पर्धी आहे, कंपनीचा नव्हे. तर्क बिनचूक आहे, पण मदत मिळालेला तो पंपचालक त्याआधीच धंद्यातून बाहेर पडला होता.

न्यू जर्सीत याच झगड्यातून एक वेगळाच कायदा जन्मला. तिथे एका मालकाने महामार्गावर पेट्रोल भरायची २४ यंत्रे असलेला पंप काढून गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला दिले आणि शेजारी २१.९ सेंटला विकत असताना आपण १८.९ ला विकू लागला. त्याच्या पंपावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याने बुलेटप्रूफ काच बसवली, अशी कथा तिथे सांगतात. १९४९ मध्ये विधिमंडळाने स्वतः पेट्रोल भरण्यावरच बंदी आणली, कारण दिले आगीच्या धोक्याचे. २०२३ मध्ये ओरेगॉनने आपली बंदी उठवल्यापासून असा कायदा असलेले न्यू जर्सी हे एकटेच राज्य उरले आहे. तिथला आणखी एक नियम: पाटीवर लावलेला भाव चोवीस तास बदलायचा नाही.

बऱ्याच राज्यांनी सरळ किमान भावाचा मार्ग धरला. विस्कॉन्सिनच्या १९३९ च्या कायद्याप्रमाणे टर्मिनलवरच्या, म्हणजे टँकर भरतात त्या साठवणकेंद्रावरच्या, सरासरी घाऊक भावावर ९.१८ टक्के चढवल्याशिवाय पेट्रोल विकता येत नाही. मिनेसोटाने २००१ मध्ये असाच, थोडा सौम्य कायदा केला. बड्या साखळ्या तोटा सोसून लहान पंप बंद पाडतील आणि मग भाव चढवतील, ही भीती त्यामागे आहे. भीती अगदीच निराधार नाही, पण कायद्याचा फटका कुणाला बसतो तेही पाहावे. विस्कॉन्सिनमधल्या मेरिल गावी एक पंपमालक ज्येष्ठ नागरिकांना गॅलनला दोन सेंट आणि मुलांच्या खेळांना मदत करणाऱ्यांना तीन सेंट सूट देत होता; २००७ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्यांनी ती थांबवायला लावली. तिथे बडी साखळी कुठे होती? केंद्रीय कायद्याची कसोटी याहून कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या ब्रुक ग्रुप निकालानुसार भाव खर्चापेक्षा कमी होता आणि तो तोटा पुढे भरून काढण्याची खरी शक्यता होती, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. म्हणूनच व्यापारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय संस्थेच्या अधिकाऱ्यांनी अशा राज्य-कायद्यांवर वारंवार टीका केली आहे.

मेरिलँडने वेगळी वाट काढली. टंचाईच्या काळात कंपन्यांनी स्वतः चालवलेल्या पंपांना झुकते माप मिळाले असे दिसल्यावर १९७४ मध्ये रिफायनरी कंपन्यांना पंप चालवायलाच मनाई केली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. या दशकात केंद्राचे भावनियंत्रणही होते. निक्सन यांच्या १९७१ च्या भावगोठवणीपासून सुरू झालेला हा प्रकार रेगन यांनी जानेवारी १९८१ मध्ये संपवला.

इतर देशांत कॅनडातल्या क्वेबेकने १९९० च्या दशकातल्या दरयुद्धानंतर किमान भाव ठरवला. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून पंपांना उद्याचा भाव आज दुपारीच जाहीर करावा लागतो. ऑस्ट्रियाने २०११ पासून भाव दिवसातून एकदाच वाढवता येईल असे केले, उतरवायला मात्र मोकळीक ठेवली.

भारतात असे युद्ध पाहायला मिळत नाही. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, १६ जून २०१७ पासून रोज भाव बदलण्याची पद्धत आली, पण बहुतेक पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. भाव कंपनी ठरवते, पंपमालकाला लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते. त्यामुळे समोरासमोरच्या दोन पंपांत फरक काही पैशांचा, आपल्याकडे गिऱ्हाईक भाव सोडून माप पाहते, आणि म्हणून पंपावरचा पोरगा नळी लावण्याआधी म्हणतो, “साहेब, झिरो बघा.” भावातला ठसठशीत फरक दिसतो तो राज्यांच्या सीमेवर, आणि तो करामुळे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा भाव लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरला आणि बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या टाकी भरायला पत्रादेवीची सीमा ओलांडू लागल्या.