छोट्या मोटारीला मोठी चाके

छोट्या मोटारीची मूळ चाके काढून जास्त व्यासाच्या रिम आणि त्यांवर कमी उंचीचे टायर बसवण्याचा फेरबदल. सातारा-सांगलीकडे तो बहुधा लोखंडी डिस्क (मूळची लोखंडी रिम) काढून मॅगव्हील (हलक्या मिश्रधातूची रिम) घालताना केला जातो. रिम वाढली तरी टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास होता तेवढाच राहावा, फार तर ३ टक्क्यांच्या आत बदलावा, हा यातला मूळ नियम.

२०१८ पासूनच्या मारुती स्विफ्टला खालच्या मॉडेलमध्ये १६५/८० आर १४ आणि वरच्यात १८५/६५ आर १५ टायर मिळे. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा रबराची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर नंतरचा रिमचा व्यास इंचात. पहिल्याच्या रबराची उंची १३२ मिमी (१६५ चे ८० टक्के), दुसऱ्याची १२०. पूर्ण व्यास मात्र अनुक्रमे ६२० आणि ६२२ मिमी. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२१ भरतो, पण रबर १०७ मिमीच उरते. २०५/४५ आर १७ मध्ये ते ९२ वर येते. याउलट नुसते भरीव दिसते म्हणून २०५/६० आर १६ बसवला की व्यास ६५२ होतो: काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या वेगाने पळत असते, पिकअप मंदावतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवताच टायर मडगार्डच्या अस्तराला घासतो.

कमी झालेल्या रबराची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी वाळवा-पलूसकडचे रस्ते कडेने खचतात. समोरून ट्रॉली आली की डाव्या बाजूची चाके डांबराची तुटकी कड उतरतात आणि चढतात. त्या धारेवर टायर रिम आणि डांबर यांच्यात चिमटला की आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. मॅगव्हीलला आतल्या कडेला चीर जाते, आणि वेल्डिंग केलेल्या चिरेवर भरवसा ठेवू नये. म्हणून या भागात चौदावरून पंधरा हीच खरी सोयीची पायरी. सोळा चालते, पण हवा दर आठवड्याला तपासणाऱ्यालाच. सतरा इंची चाक इथल्या छोट्या गाडीला केवळ हौसेचे.

रिम घेताना पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये), मधले भोक आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर मिमीमध्ये) ही मापे जुळवावी लागतात. स्विफ्ट, बलेनो, आय-२० यांचा पीसीडी ४×१०० आणि मधले भोक ५४.१ मिमी. ४×९८ ची रिमही ४×१०० च्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) दाबून बसते. पण नट तिरपे बसतात आणि पुढे सैल होतात. बाजारातल्या रिमचे भोक बहुधा मोठे असते. तिथे हब आणि भोक यांच्यातली फट भरणारी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हब-रिंग घातली नाही, तर बॅलन्सिंग करूनही ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरते.

ऑफसेटकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मूळ रिम साडेपाच इंच रुंद व ४५ ऑफसेटची आणि नवी साडेसहा इंच व ४० ची असेल, तर चाक बाहेर सुमारे १८ मिमी आणि आत सुमारे ८ मिमी सरकते. मग मागे तिघे बसून यवतेश्वरचा घाट चढताना टायर मडगार्डच्या कडेला लागतो. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) घालून जागा काढणे हा उपाय नव्हे. ऑफसेट आणखी कमी होऊन चाक अधिकच बाहेर येते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

टायरचा भारांक मूळापेक्षा कमी नको: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. रिमच्या मागे जेडब्ल्यूएलची (हलक्या मिश्रधातूच्या रिमसाठीच्या जपानी मानकाची) खूण आणि कमाल भार कोरलेला आहे का, तेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालते; आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने दिलेले माप घेतले की विमा आणि वॉरंटीचे वाद सहसा उद्भवत नाहीत.

नट आधी हाताने, मग फुलीच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावेत. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासावेत. मारुतीचे नट १२×१.२५ चे (जाडी आणि आट्यांमधले अंतर, मिमीमध्ये), ह्युंदाई-होंडाचे १२×१.५ चे, आटे सारखे वाटले तरी अदलाबदल चालत नाही. होंडाच्या मूळ नटाची बैठक (रिमला टेकणारा भाग) गोल असते, बाजारातल्या रिमला शंकूची लागते. स्टेपनी जुनीच राहणार असल्याने तिचे चार नट डिकीत ठेवावेत.